मंगळाच्या गाडीखालचं लिंबू

दसरा, १९६५. मल्लेश्वरम

अजून हसू आवरत नाही. मंगळावर जीव शोधेल अशी गाडी आम्ही प्रयोगशाळेत बनवतोय. काल आयुधपूजेनंतर ती भट्टीत भाजलेल्या वाळूवर फिरवली. त्या वाळूत जंतू उरणं शक्यच नाही. तरी आज तिच्या नळीतलं पोषक पाणी गढूळ, म्हणजे जीव सापडला! गाडी खोटं सांगते म्हणून सरांचा चेहराच उतरला. वर्षभराची मेहनत... आणि मला एकदम लिंबू आठवलं. पूजेत चाकाखाली मीच ठेवलेलं, गाडीनं चिरडलेलं. सांगू की नको? सांगून टाकलं. सरांनी चाकाला चिकटलेली साल काढली नि खदखदून हसले.

"सरी अक्का, बरं ताई, सालीवरचे जंतूही पकडले म्हणजे गाडीची नजर पक्की आहे. पण मंगळावर जाताना लिंबू नको."

नको कसं? लिंबाशिवाय ती एवढ्या लांब सुखरूप पोचेल?