दाट येईल असं काहीतरी

प्रिय ताई,

तुझं मागचं दार आणि माझं मागचं दार यांच्यामध्ये दोन अंगणं आणि एक कपड्यांची दोरी, एवढंच अंतर आहे, आणि मी तुला पत्र लिहायला बसलेय. हसशील. हसलीस तर बरंच होईल. समोर येऊन बोलायचं म्हणून परवा तुझ्या पायरीपर्यंत आले होते, पण तू दार उघडलंस आणि मी वाटीभर साखर मागून परत आले. साखरेचा डबा आमच्याकडे काठोकाठ भरलेला आहे. ती वाटी अजून तशीच ओट्यावर आहे.

विषय झाडांचा आहे. मधल्या हद्दीवर काहीतरी लावायचं मी ठरवलंय, हे तुला खड्डे बघून कळलंच असेल. रोपं विकणारा माणूस भलताच बोलका निघाला. काकू, तुम्हाला नेमकं हवंय काय, असं त्याने विचारलं. मी म्हटलं, भराभर वाढणारं, दाट होणारं आणि माझ्याकडे काही न मागणारं. पाणी नको, छाटणी नको, खत नको. तो म्हणाला, असं झाड असतं तर मी दुकान कशाला टाकलं असतं! तरी बिचाऱ्याने सगळं फिरून दाखवलं. बांबू सगळ्यात झटपट वाढतो, पण त्याची मुळं कुणाचं ऐकत नाहीत, उद्या तुझ्या वाफ्यात कोंब काढतील. अशोक सरळसोट वर जातो आणि खाली उघडाच राहतो, आणि झाकायचं आहे ते खालीच. मेंदीला सारखी कात्री हवी. जास्वंदीला कीड लागली की फवारत बसा. बोगनवेलीला काटे. कण्हेर मला पसंत पडली होती, दाट, बारा महिने फुललेली, पाणी दिलं न दिलं तरी चालतं. पण तिचं पान विषारी, आणि आता आमच्याकडे हाताला लागेल ते तोंडात जातं. म्हणून तीही राहिली. शेवटी अडुळशावर गाडी आली. तो कुठेही तग धरतो, गुरंढोरं तोंड लावत नाहीत, आणि वर्षभरात माणसाच्या उंचीचा होईल असं तो माणूस छातीठोकपणे म्हणाला. विकणारा तसंच म्हणणार, पण वाद घालायचं त्राण माझ्यात नव्हतं.

ताई, मी फार दमलेय गं. कामाने म्हणावं तर काम पूर्वीही होतंच. हे भाजी आणतात, ठकी तिचं सगळं स्वतः करते, जावयाचा फोन वेळेवर येतो. बोटीवरची नोकरी, एकदा गेला की जावई महिनोन्महिने घरी येत नाही, म्हणून तर ठकी इथे राहायला आली. तक्रारीला जागा नाही. तरी सकाळी उठले की अंगात शिसं भरल्यासारखं वाटतं, आणि खिडक्या लावण्यापासून माझा दिवस सुरू होतो.

आपण हे प्लॉट घेतले तेव्हाचं तुला आठवतं का? गवंडी म्हणत होता, मध्ये भिंत घालून टाकू, पुढे कटकट नको. भावोजी त्याच्यावर असे खेकसले की तो दुपारचा चहा न पिताच गेला. मग भिंतीऐवजी तुझ्या घरापासून माझ्या घरापर्यंत दोन कप्प्यांवरून फिरणारी दोरी लागली. जी आधी उठेल तिने कपडे घालायचे आणि ओढून पुढे सरकवायचे. तुझ्या सोन्याच्या शाळेच्या चड्ड्या आणि यांचे बनियन एका रांगेत वाळायचे. एकदा त्याने ठकीचा एक बूट चिमट्याने दोरीला अडकवून तुझ्या दारात ओढून नेला, आणि ती एक पाय उचलून लंगडत रडत होती. जेवायची आमच्याकडे आणि झोपायची तुझ्याकडे, ही दोघं कुणाची कोण हे पोस्टमनलाही कळत नसे. सख्खा भाऊ नाही असं ठकी कधी म्हणाली नाही.

सोन्या गेला त्याच आठवड्यात ठकीला दिवस गेल्याचं कळलं होतं. कामावरून येताना कोपऱ्यावर त्याला ट्रकने उडवलं, आणि तिने ती बातमी पोटातच ठेवली. माझ्यापाशीसुद्धा बोलली नाही. पुढे लपण्यासारखं राहिलं नाही तेव्हा यांनी भावोजींना सांगितलं आणि भावोजींनी तुला. जपा म्हणावं तिला, असा तुझा निरोप आला. त्यानंतर आपण दोघी त्यावर एक अक्षर बोललो नाही. बाळ झालं, पाच महिन्यांचं झालं, आणि आम्ही घरात चोरासारखे वागतोय. ते रडलं की मी रेडिओ मोठा करते. त्याला अंगाई म्हणायची तर पुढच्या खोलीत जाऊन. रडणं एक वेळ झाकता येतं, पण ते खिदळायला लागलं की काय करायचं? परवा ते असं काही हसलं की ठकीही हसत सुटली, आणि मी दोघांवर डोळे वटारले. ताई, पाच महिन्यांच्या लेकरावर.

त्याचे कपडे मी दोरीवर कधी घातले नाहीत. न्हाणीघरात पंखा लावून वाळवते. ते धड वाळत नाहीत, कुबट वास येतो, आणि आता त्याच्या मांड्यांवर पुरळ उठलंय. डॉक्टरीणबाईंनी मला चांगलंच फैलावर घेतलं. आजी, अंगण आहे ना तुम्हाला, मग ऊन काय शोभेला ठेवलंय? तिथून थेट मी रोपं बघायला गेले.

ताईला दिसायला नको, तिचा जीव तुटेल, असं मी सगळ्यांना सांगितलं. ते खरं आहे, पण पुरतं नाही. त्याला मांडीवर घेऊन मला माझ्या अंगणात बसायचंय आणि समोर तुझा चेहरा नकोय. तो दिसला की माझ्या मांडीवर आहे ते मी तुझ्याकडून हिसकावून आणलंय असं वाटतं. सोन्या मलाही हवा होता गं. त्याच्यासाठी रडावं की याच्याकडे बघून हसावं, हे रोज एकाच वेळी करून मी पार थकलेय.

काल खड्डे खणत होते तेव्हा तू बाहेर आलीस. किती महिन्यांनी तू हद्दीपर्यंत आलीस. वाटलं, आता काहीतरी बोलेल, निदान चिडेल तरी. तू माती बघितलीस आणि म्हणालीस, दाट येईल असं काहीतरी लाव, आणि आत निघून गेलीस. मी रात्री जेवले नाही. ठकीने मला तेव्हा चांगलं झापलं. भावोजींनी यांना तुझ्याबद्दल सांगितलेलं तिला ठाऊक होतं, मलाच कुणी सांगितलं नव्हतं. आमची कडी वाजली की तू घाईघाईने तुझी खिडकी लावून घेतेस म्हणे, बाळाला मोकळेपणी बाहेर आणता यावं म्हणून. म्हणजे मी इकडे कोंडून घेतलंय आणि तू तिकडे, आणि मधलं अंगण रिकामं.

तर लिहिण्याचं कारण हे. रोपं रविवारी येतील आणि मी ती परत पाठवणार नाही, हे आधीच सांगते. मला आडोसा हवाय, तुलाही हवा असेल, त्यात लाजण्यासारखं काही नाही. पण ती दाट होण्याआधी एकदा त्याला घे. तुझ्याकडे आणू की तू येतेस, तेवढं कळव. रडू आलं तर रड, त्याला काही कळत नाही. माझी चिंता करू नकोस, मीही रडेन. अनोळखी माणसाने घेतलं की तो आधी चेहरा चाचपतो, नाक धरतो, मग हसतो. या घराला लागून राहणाऱ्या मावशीआजीला त्याने अनोळखी म्हणून चाचपावं, हे मला सोसणार नाही, आणि एक एक दिवस असाच गेला तर तेच होणार आहे.

तुझीच,
धाकटी