विहिरीत उतरलेल्या सुनेची कथा

दादा, काल गल्लीतल्या बायकांनी पुन्हा तीच कथा मागितली, म्हणून तुम्हाला लिहायला बसले. शिनोली, डिंगोरे, कुठे कुठे तुणतुणं घेऊन फिरायचात तुम्ही. देवादिकांच्या, राजाराण्यांच्या कितीतरी कथा तुमच्या तोंडी होत्या, पण बायका हीच मागायच्या. नव्या विहिरीला पाणी लागत नाही, म्हणून पाटलाची सून हिरवं लुगडं नेसून हसत पायऱ्या उतरते आणि तिच्याभोवती पाणी चढत जातं.

मी लग्न होऊन या आणे गावात आले त्या उन्हाळ्यात तुम्ही इथल्या देवळासमोर ती कथा लावलीत. टँकर आला नव्हता. रिकामे हंडे घेऊनच बायका बसल्या होत्या. सून पायऱ्या उतरायला लागली आणि आमच्या शेजारची म्हातारी उठून उभी राहिली. "हासत न्हवती ती," म्हणाली. "माज्या माह्यारची व्हती. तान्हं पोर मागत व्हती. दोगांनी धरून उतरवली. म्या पाह्यलंय."

तुमचं बोट तारेवरच राहिलं. मग तुणतुणं खाली ठेवून तुम्ही तिच्यापाशी जाऊन बसलात. "नाव काय व्हतं तिचं, आजी?" तिनं ते तुमच्या कानात सांगितलं.

त्यानंतर तुम्ही ती कथा कुठेच लावली नाहीत. कुणी आग्रह केला तर म्हणायचात, "न्हाई राव, इसरलो." विसरला नव्हतात. शेवटच्या आजारपणात मी तुम्हाला माहेरून इकडे आणलं. मी चुलीपुढे भाकरी थापतेय आणि तुम्ही भिंतीला टेकून, तुणतुण्याशिवाय, एकाएकी सुरू होता. या वेळी ती हसत नाही. पोर मागते, सासऱ्याचे पाय धरते. तुम्ही तिचं नाव घेऊन हाका मारता, वर ये, वर ये. तव्यावरची भाकरी जळते. मी भीत भीत विचारते, "आन् पाणी, दादा?"

"लागलं की. लई लागलं, पोरी. त्येच तर वंगाळ. आजूनबी पितात."

काल मी तुमची ही शेवटची कथाच सांगितली. ती तान्हं पोर मागते तिथे एक नवी सून उठली आणि घरातून आपलं बाळ घेऊन आली. पण हाक मारायची वेळ आली आणि मी तिचं नाव गाळलं. म्हातारी गेली, तुम्ही गेलात. ते नाव आता फक्त माझ्यापाशी आहे, आणि मी नुसतं 'पाटलाची सून' म्हणून पुढे गेले. निदान इथे तरी लिहावं म्हटलं, पण लिहवत नाही. नाव घेतलं तर ती खरंच वर येईल, दादा, आणि पोर कुठंय म्हणून मला विचारेल.