सात खरे पत्ते

३ मार्च, मंगळवार

झालं ते असं — नाही, आधी पाणी पिऊन येते.

हं. बँकेच्या संगणक विभागातून निवृत्त झाल्यापासून संस्थेचा प्रोग्राम मीच सांभाळते. नवऱ्याच्या तावडीतून सुटून लपून राहणाऱ्या बायकांची सात घरं. कुणाची डॉक्टरकडे तारीख, कुणाची वकिलाकडे — सगळं त्यात. कोड लिहायला हल्ली एआय सहाय्यक आहे मदतीला. गेल्या आठवड्यात तो सारखा अडायला लागला. कुठल्याशा पानावर वाचलं : सेटिंगमध्ये दोन ओळी बदला, दुसऱ्या कंपनीचं मॉडेल जोडा, भरभर चालेल. जोडलं. चाललं की भरभर! 'ही फाइल वाचू का?' असं पावलोपावली विचारायचा, म्हणून वैतागून 'नेहमी हो' करून टाकलं.

आज भाचीला फोनवर मोठ्या फुशारकीने सांगितलं. ती याच कामात मुरलेली. तिने मला मध्येच तोडलं.

"मावशी, सहाय्यक तुझ्या टेबलावर बसलाय. पण त्याचं डोकं कुठे आहे?"

"म्हणजे गं?"

"तो वाचतो ते सगळं त्या डोक्याकडे जातं. मधला सर्व्हर कुणाचा, ते काय काय ठेवून घेतात, पाहिलंस का जोडायच्या आधी?"

नाही पाहिलं.

"आणि फोल्डरमध्ये काय होतं?"

चाचणीची फाइल होती. फोन ठेवून आधी तीच उघडली.

४ मार्च

त्या फाइलीत सात खरे पत्ते, सात खरी नावं. मीच ठेवलेली. भाचीने तेव्हाच बजावलं होतं, चाचणीला खोटी माणसं रचायची. पण 'मागचा जिना, लॉन्ड्रीवरचं दार' असल्या पत्त्यांवरच फॉर्म अडायचा, ते घरबसल्या कसे सुचणार? आणि खरं सांगू — खोटं नाव लिहायला माझा हातच वळत नाही. कॉन्व्हेंटमध्ये सिस्टर म्हणायच्या, वहीत खोटं लिहिलंस तर वही रुसते. निळा पिनाफोर, मेणाने पुसलेल्या बाकांचा वास, त्यांचं ते मऊ बोट माझ्या ओळीवर फिरणारं. पन्नास वर्षं झाली. सिस्टर, तुमची गुणी मुलगी काय करून बसली बघा!

५ मार्च

जोडणी तोडली. सगळे पासवर्ड बदलले. भाची म्हणाली, "शाब्बास, आता नवीन किल्ल्या." किल्ल्या बदलता येतात गं. बाई राहते ते घर कसं बदलायचं?

६ मार्च

ताईंना सांगायचं होतं. संस्था त्यांनी उभी केलेली. दारापर्यंत गेले आणि परत आले. भित्री!

९ मार्च, सोमवार

सांगितलं. ताईंनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं.

"पत्ते बाहेर गेलेत, की जाऊ शकले असते?"

"माहीत नाही. त्या कंपनीला विचारलं. 'आम्ही काही साठवत नाही,' एवढ्या एका ओळीचं उत्तर आलं."

"अहो, सात घरं हलवायची म्हणजे सात आयुष्यं पुन्हा उचकटायची. नुसत्या शंकेवर? काहीतरी पक्कं आणा माझ्याकडे."

त्यांचंही चुकलं नाही. पण मला रस्त्यात मागे चालणारा प्रत्येक माणूस आता कुणाचा तरी नवरा वाटतो.

१० मार्च

राहवलं नाही, चौथ्या घरी गेले. तिथली शिवणवाली. नवऱ्याने याआधी दोनदा शोधून काढलंय तिला. दुसऱ्या वेळचा व्रण भुवईत आहे. मशीन खिडकीपासून लांब, भिंतीला लावलेलं. मी चाचरत सगळं सांगितलं. तिने दाताने दोरा तोडला.

"काकू, मी बॅग कधी सोडलीच नाहीये. तुम्ही म्हणाल तेव्हा निघू."

"रागव तरी माझ्यावर."

"रागवायला वेळ कुठाय? हा कोट द्यायचाय उद्या." मग हळूच म्हणाली, "फक्त पोरीला आत्ताच काही सांगू नका. गेल्या महिन्यापासून दिवा मालवून झोपायला लागलीय."



१२ मार्च

भाचीने युक्ती सुचवली. रिकाम्या फोल्डरात एकच फाइल ठेवायची, त्यात एकच बाई — अस्तित्वातच नसलेली. तोडलेली जोडणी तेवढ्यापुरती पुन्हा जोडायची, तेच मॉडेल, आणि ही फाइल त्याला वाचायला द्यायची. "ते नाव तुझ्याशिवाय कुणालाच कळता कामा नये. मलाही सांगू नकोस. मग ते नाव कुठे उगवलं, तर कुठून फुटलं हे नक्की."

आज पहिल्यांदा वहीत खोटं लिहिलं. नाव रचलं, वय चौतीस, नवऱ्यापासून लपून राहते, एक मुलगी. पत्ता माझ्याच घराचा. दुसरा कुणाचा देणार?

पाठवलं, आणि त्या नसलेल्या बाईचीच काळजी वाटत बसले. वेडेपणाच!

१७ मार्च

काही नाही.

२४ मार्च

काही नाही. ताई म्हणाल्या, "बघा, उगाच जीव टांगणीला लावलात." हसल्यासुद्धा. मीही हसून घेतलं. शिवणवालीने निरोप पाठवलाय — पोरगी पाढे पाठ म्हणते, काकूंनी ऐकायला यावं. रविवारी जाईन. भीती ओसरतेय की मी तिला सरावतेय, कळत नाही.

३१ मार्च, मंगळवार

खालच्या टपालपेटीत पाकीट. त्या नसलेल्या बाईच्या नावाने. आत रंगीत पत्रक — एकट्या राहणाऱ्या स्त्रियांसाठी दाराला लावायचा कॅमेरा.

ताईंना फोन केला. सातही घरं, आजच. शिवणवालीचं मशीन उचलायला दोघं लागतात. मी निघाले.