ताटलीतल्या पेशी आणि आमचा दत्तू

१० जाने., शनि.
उदयचा खोकला गेला का? मीराची पाठ कशी आहे? दत्तूच्या पोटात दुखतंय का अजून? आणि गुडघ्यांनो, तुमचं काय? सकाळी एकेकाला विचारलं. उत्तर फक्त गुडघ्यांनी दिलं. बाकी घर फुरंगटलेलं.

दत्तूच्या, माझ्या धाकट्या भावाच्या, लिव्हरमध्ये कॅन्सरची गाठ. डॉ. म्हणतात लहान आहे, ऑपरेशन होतं, सोमवारी १९ला भरती व्हा. हा म्हणतो, नाही. त्याची सून, उदयची बायको मीरा, लॅबमध्ये लिव्हर-कॅन्सरच्या पेशी वाढवते, सोयाबीनमधून काढलेलं काहीतरी त्यांच्यावर घालते. जेवताना बोलून गेली, "वाढ मंदावली." झालं! घरात औषध असताना पोट कशाला फाडून घ्यायचं?

१२ जाने.
मीराला गाठलं. "लॅबमधलं ते डब्यातून चमचाभर आण गं. कुणाला कळतंय?"
"आत्या, ते औषध नाही."
"मग काय आहे?"
"अजून नुसता प्रश्न आहे."
शहाणी! पुण्याहून शिकून आली ती आम्हाला कोडी घालायला.
दत्तू म्हणाला, "परक्या पेशींना दोन दिवसांआड खाऊ घालते, सासऱ्याला थेंब नाही." मीही मान डोलावली. हुळीत, म्हणजे इथल्या कानडी आमटीत, अवरेकाळूच्या, पावट्याच्या दाण्यांच्या, जागी मी सोयाबीन ढकललं. ऐन अवरेच्या दिवसांत! दत्तू कुरकुरला, "अक्का, घोड्याचा खुराक हा." खाल्लं मात्र सगळं.

१४ जाने., संक्रांत
एळ्ळू-बेल्ला, इथला तिळगूळ, वाटला. गोड कुणी बोललं नाही.
दत्तूने सर्जापूर रोडवरच्या कुणा गुरुजीकडून सोयाच्या गोळ्या आणल्यात. मीराने डबी उचलली, डॉ.ना दाखवायला पर्समध्ये टाकली.
"चोरटी!"
"बाबा, माझ्या लॅबच्या ताटलीत त्या पेशी एकट्या असतात. ना रक्त, ना पोट. फिनेल घातलं तरी मरतील. म्हणून तुम्हाला फिनेल पाजू?"
उदय, बापाचा एकुलता एक, सांडलेले तीळ वेचत बसला.

१५ जाने.
दत्तूने फोन करकरून नात्यात पसरवलं, "सून मला फिनेल पाजते म्हणाली." माझ्या अंगाचा तिळपापड. म्हटलं, "पुरं वाक्य सांग. मी तिथंच होते."
"तूही फितूर झालीस, अक्का?"
त्याने ताट ढकललं. संध्याकाळी उदय-मीरा बॅगा घेऊन इलेक्ट्रॉनिक सिटीला, तिच्या मैत्रिणीकडे. दत्तू दारातून ओरडला, "सरी, बरंय, जा! परत येऊ नका!" शेजारच्यांनी खिडकी हळूच अर्धी उघडली. मी त्यांच्या तोंडावर आपली लावून घेतली.

१७ जाने.
मीराला फोन. म्हटलं, मला चौथीतल्या पोरीला सांगतात तसं सांग. रागातच होती, पण सांगितलं. खाल्लेलं सोया लिव्हरपर्यंत येतं तेव्हा लिव्हरच त्याचं रूप बदलतं. ताटलीत घालतात तेवढं, तसंच, गाठीला मिळतं का, कुणाला ठाऊक नाही. जेवणातलं सोया वाईट नाही. गोळ्या घेऊन वाट बघत बसणं वाईट. डॉ.नी गोळ्या बंदच करायला सांगितल्यात.

वाटीत मुगाला मोड आले म्हणून रान पिकलं म्हणतं का कुणी? हेच दत्तूला सांगितलं.
"लिव्हर माझं आहे."
"आणि भाऊ माझा आहे."
त्यानंतर माझ्याशी अबोला.

१८ जाने.
दुपारी दत्तू भिंतीकडे तोंड करून एकच वाक्य बोलला. "थोरल्याला भूल दिली होती, तो उठला का?"
आमचा थोरला भाऊ. ऑपरेशनच्या टेबलावरच गेला. म्हणजे सोयाबीन नुसतं निमित्त... मला आधीच कळायला हवं होतं. दहा दिवस आम्ही भलत्याच गोष्टीवर एकमेकांना ओरबाडत होतो.

१९ जाने., सोम., सकाळ
उदय-मीरा गाडी घेऊन फाटकाशी. दत्तूने खोलीला आतून कडी घातलीय. मीरा दाराशी येऊन म्हणाली, "बाबा, शिव्या गाडीत द्या. रस्त्यात ट्रॅफिक खूप आहे, पुरतील." आतून भांडं आपटल्याचा आवाज. म्हणजे जिवंत आहे मेला!
माझ्याशी बोलत नाही, म्हणून चिठ्ठी दाराखालून सरकवणार आहे. आधी इथं उतरवते:

दत्तू, थोरल्याला ऑपरेशनला मीही पाठवलं होतं. भीती मलाही वाटते. तू उठशील असं वचन मी देऊ शकत नाही, डॉ.ही देत नाहीत. पण गाठ लहान आहे ती आज. गोळ्यांच्या भरवशावर बसलास तर मी तुला कधीच माफ करणार नाही, हेही खरं. सोबत पेन्सिल घातलीय. बोलू नकोस, नुसतं हो की नाही लिही. स्वल्प लवकर लिही रे, गाडी चालू ठेवलीय.