चौकटीवरचे पिस्ता शिंतोडे

२० एप्रिल, रविवार
हॉल रंगवून झाला. स्वतः. स्प्रे मशीनने. पेंटरने चार दिवस लावले असते, मी एका सकाळीत उरकलं. भिंती पिस्ता रंगाच्या. समोरच्या लोखंडी खिडकीची कॉफी रंगाची चौकटही जराशी पिस्ता झाली आहे. बारीक शिंतोडे. आधी खिडकी झाकायची होती, असं अपर्णा म्हणाली. आता सांगतेय! शुक्रवारी तिचं चैत्रगौरीचं हळदीकुंकू, या घरातलं पहिलंच. ग्वाल्हेरातला आमचा मोहल्ला, शिंदे की छावनी, अर्धा बोलावला आहे. म्हटलं, बाईसाहेब, उद्या चौकट चकाचक करून देतो.

२१ एप्रिल
शिंतोडे वाळले. ओल्या फडक्याला दाद देत नाहीत. म्हणजे रंग उत्तम निघाला. मंजिरी मोबाइलवर वाचून सांगत होती, कोमट साबणपाणी लावून ठेवा, मग प्लॅस्टिकच्या पट्टीने हळूच खरवडा. लेकीने मला शिकवावं? तीस वर्षं बांधकाम खात्यात काढली मी. हिशेब विभागात, पण खातं तेच.

२२ एप्रिल
टोपी बाजारातून थिनर आणला. शिंतोडे गेले! कॉफी रंगही गेला. उरलेले ब्लेडने काढले, थोडे चरे पडले. लांबून दिसत नाहीत. लांबून म्हणजे जिन्यातून. मंजिरी म्हणाली, बाबा, अब रहने दो ना. अपर्णा म्हणाली, हात लावू नका, आईच्या चंदेरीची आरास करते तिथे, सगळं झाकलं जाईल. साडी तिच्या आईच्या लग्नातली. पण माझ्या कामावर पडदा? छे!

२५ एप्रिल, शुक्रवार, दुपारी १
अपर्णा स्वयंपाकघरात, पन्ह्याच्या नादात. मी गुपचूप चौकटीला नवा कॉफी ऑइल पेंट मारला. ब्रशने. शिकतो माणूस. सरप्राइज! डब्यावर वाळायला आठ तास लिहिलेत, ते थंड गावांसाठी असणार. ग्वाल्हेरच्या उन्हात तासभर पुष्कळ. बायकांना उकडू नये म्हणून कूलरमध्ये पाणी भरून फुल केला. जरा पडतो.

त्याच दिवशी, संध्याकाळी
उठलो तो आरास तयार. गौर काय सुंदर दिसत होती! आणि कूलरच्या दमट वाऱ्याने चंदेरी चौकटीला चापून बसलेली. सांगायला तोंड उघडलं, तेवढ्यात शेजारच्या लीलाताई बायकांना घेऊन आत आल्या. सगळ्यांनी आंबेडाळ खाल्ली, साडीचं कौतुक केलं. अपर्णा इतकी खूश मी कित्येक दिवसांत पाहिली नव्हती. मी दाराशी उभा, घामाघूम. कूलर फुल असून.

बायका गेल्यावर साडी उतरवली. काठ चौकटीलाच राहिला. अपर्णा ओरडली नाही. खाली बसून फाटक्या कडेवरून बोट फिरवत राहिली. ओरडली असती तर बरं झालं असतं. मला फार वाईट वाटलं.

निदान डाग तरी काढून द्यावेत म्हणून थिनर शोधला. डबा जागेवर नाही. लीलाताई जाताना घेऊन गेल्या, मंजिरी म्हणाली. आईनेच दिला, चौकटीला पुन्हा थिनर लागू नये म्हणून. आणि बजावलंय, ह्यांनी कितीही मागितला तरी द्यायचा नाही.