टॅगवरचा वकीलीवाला

९ नोव्हेंबर

प्रिय भाऊजी,

मी मजेत आहे, जेवतोय वेळेवर. तुम्हीही बरे असाल असं धरून चालतो. काम बदललं. हे कितवं ते विचारू नका. सध्या एका लाँड्रीत आहे, मागच्या खोलीत, वाफेच्या इस्त्र्यांशेजारी. इथे एक मांजर आहे, ती फक्त धुतलेल्या चादरींवरच झोपते. मळक्यांचा एवढा ढीग असतो, पण नाही. ते जाऊ दे.

पत्राचं कारण तुमची ती कोडची लायब्ररी, टॅग छापायची, सी भाषेत लिहिलेली. इथला प्रिंटर तसलाच जुना निघाला, म्हणून मी तीच लावली. काउंटरचा प्रोग्राम मात्र पायथनमध्ये लिहिला, मला तेवढंच पटकन जमतं. तिथून तुमचं फंक्शन बोलवायचं आणि गिऱ्हाइकाचं नाव त्याच्या हातात द्यायचं. आमच्या मालकीणबाई लोकांना धंद्यावरूनच ओळखतात, टॅगवरही तेच टाकायला लावतात. पहिला आला 'बेकरीवाला'. झकास. त्यामागे वकील होते. त्यांच्या कोटाचा टॅग आला 'वकीलीवाला'.

वकीलसाहेबांनी चष्मा वर करून वाचला. "हे मला चिडवायला का?"

"नाही हो," बाई म्हणाल्या, "मुलगा नवीन आहे. कुठे थांबायचं ते कळत नाही."

"मशीनला, की मुलाला?"

"दोघांनाही."

ते गेल्यावर बाईंनी मला स्टुलावर बसवलं. म्हटलं, बाई, दोन भाषांची भानगड आहे. माझी भाषा नावाबरोबर त्याची लांबीही जवळ बाळगते. भाऊजींची भाषा जुनी, ती लांबी विचारतच नाही, शेवटाची खूण म्हणून ठेवलेलं शून्य दिसेपर्यंत वाचत सुटते. मी मेमरीतल्या जुन्याच जागेवर नवं नाव लिहिलं आणि शेवटी शून्य ठेवलं नाही. वकील संपला, पण खाली बेकरीवाल्याचं शेपूट शिल्लक होतं. तेही छापलं गेलं.

"मग ठेव की शून्य," बाई म्हणाल्या आणि हिशोबाला लागल्या.

ठेवलं. चालतंय. म्हणजे अडचण कालच सुटली, आणि तरी मी हे सगळं तुम्हाला का लिहितोय, ते माझं मलाच कळत नाहीये. फोन हातात घेतला होता, पण तिकडून तुमचा आवाज आला असता तर काय बोललो असतो?

ताईचा फोन आला होता. कोर्टात सह्या झाल्या म्हणाली. आवाज नेहमीसारखा, मला काही अंदाजच येईना. मी आपला बोलून गेलो, टॅगचं काही अडलं तर भाऊजींना विचारीन. ती म्हणाली, "आता कसले रे भाऊजी? संपलं ना ते."

"तुझं संपलं."

"तुझं माझ्यामुळेच तर होतं."

बरोबर आहे तिचं. नाहीही. ती माझी बहीण आहे, मी तिच्याच बाजूचा. तुमचं ते दिवसेंदिवस न बोलणं मी डोळ्यांनी पाहिलंय, तिचं सुकलेलं तोंडही. पण मी शाळा सोडली तेव्हा सगळे मला फैलावर घेत होते आणि तुम्ही काही न बोलता कीबोर्ड माझ्याकडे सरकवला होता. तेच न बोलणं. मला ते तेव्हा किती बरं वाटलं होतं. या दोन गोष्टी एका माणसाच्या कशा, मला उलगडत नाही.

पुढच्या आठवड्यात मला सुट्टी आहे. तुमच्या नव्या खोलीचा पत्ता ताईनेच दिला. मी मागितला नव्हता. का दिला, तेही समजलं नाही.

येऊ का? याआधी मी कधी विचारून आलो नाही. बॅग आत टाकायची आणि खायला काय आहे ते बघायचं. आज विचारावं लागतंय याचंच कसंतरी होतंय. नको असेल तर तसं कळवा, मी समजून घेईन. खोटं कशाला लिहू, समजून नाही घेणार. पण येणारही नाही.

तुमचा,
माझ्या बाजूने अजूनही मेहुणाच