त्या गाडीत कुणी मेलं नाही

३ नोव्हेंबर २०१९, रविवार
आज कोळ्ळिप्पारात नर्स म्हणून रुजू झाले. डोंगरावरचं गाव, चहूकडे वेलदोड्याचे मळे. सेवा संघाच्या दवाखान्यावर मला खोली दिली आहे. संघाचे ड्रायव्हर पैली चेट्टन (इथे दादाला चेट्टन म्हणतात) बसस्टँडवर ॲम्ब्युलन्स घेऊन आले होते. छोटी, पांढरी, जुनी व्हॅन. घाटातली वळणं ती एखाद्या शेळीसारखी चढते. चेट्टन अभिमानानं सांगत होते, की अठरा वर्षांत या गाडीत एकही माणूस दगावला नाही. खालचं मोठं हॉस्पिटल दोन तासांवर, तरी प्रत्येक जण जिवंत पोचला. त्यांच्या बायकोनं, एलियाम्मा चेची (म्हणजे ताई) यांनी, जेवायला कप्पा, म्हणजे उकडलेला कंद, आणि माशाचं लालभडक कालवण पाठवलं. पोटभर जेवले. इथे मन रमेल.

६ नोव्हेंबर
संघाचे सेक्रेटरी मात्तुक्कुट्टी सार (सरांना इथे सार म्हणतात) यांनी बैठक घेतली. कंपनीनं ही व्हॅन बनवणं यंदापासून थांबवलंय, नव्या नियमांत ती बसत नाही. सुटे भाग मिळेनासे झाले. महिनाअखेर ती भंगारात जाईल आणि देणगीतून मोठी ॲम्ब्युलन्स येईल. चेट्टननी एवढंच विचारलं, मोठी गाडी मळ्यातल्या अरुंद वाटांवर चढणार कशी, आणि तिचं भाडं कामगारांना परवडेल का? सार म्हणाले, बघू.
बाहेर आले तर शेडमध्ये पाच-सहा जण व्हॅनभोवती उभे. एकेक जण पत्र्याला हात लावून निघून गेला.

९ नोव्हेंबर
ती माणसं रोज येतात, सकाळी दहाच्या सुमारास. मला वाटलं, सामान चोरायचा बेत असावा. चौकशी केली तर सगळेच या व्हॅनचे जुने पेशंट. औसेपच्या छातीवर फणसाचं झाड पडलं होतं. चार वर्षांपूर्वी दाक्षायणी अम्मांचं हृदय अर्धा तास बंद होतं म्हणे. मी सहा वर्षं नर्स आहे. अर्ध्या तासानंतर कुणी परत येत नाही.
आज अम्मांचं ब्लडप्रेशर घेतलं. मशीन काहीच दाखवेना. नाडीसाठी मनगट धरलं, मग मान चाचपली. काही नाही. अम्मा हसल्या. म्हणाल्या, "तुझं मशीन बिघडलंय, पोरी. चहा घे."
त्या स्वतःही चहा प्यायल्या.

१२ नोव्हेंबर
औसेपचंही तसंच. हात धरायला गेले तर त्यानं झटकन मागे घेतला, पण तोवर मला कळलं होतं.
चेट्टनवर संशय येतोय. हा माणूस पेशंटना काय देतो? सरळ विचारलं. ते इंजिन पुसत राहिले. पुसता पुसता म्हणाले, "मी फक्त गाडी चालवतो. थांबवत नाही. एवढंच जमतं मला." मग स्वतःहून सांगितलं, की दोन हजार चार साली एलियाम्मालाही याच गाडीतून नेलं होतं.
यापुढे त्यांच्या घरचं जेवण नको.

२० नोव्हेंबर
आठवडाभर लिहिलं नाही. चौदा तारखेला मळ्यातल्या एका बाळंतिणीला बघायला जाताना पायाला घोणस चावली. व्हॅनचं दार सरकल्याचा आवाज आठवतो. श्वास घेता येईना, हे आठवतं. मग घेण्याची गरजच वाटेना.
हॉस्पिटलातल्या डॉक्टरांनी दोनदा मॉनिटर बदलला, मग म्हणाले, नशीबवान आहात.
आज परतले तर दारात ती सगळी उभी. औसेपनं केळी आणली होती. म्हणाला, "आता तू आमच्यातली, सिस्टर."
स्वतःच्या मनगटाला हात लावायचा धीर होत नाही.

२२ नोव्हेंबर
लावला. स्टेथोस्कोपही लावला.
काही नाही.
भूक लागते. कॉफी कडू लागते. काल आईशी फोनवर बोलले, ती रडली, मीही रडले. मग हे जे नाही ते काय आहे?

२५ नोव्हेंबर
सारनी व्हॅनचा सायरन उतरवून घेतला, नव्या गाडीला बसवायला. सकाळी अकरा वाजता. त्याच वेळी दाक्षायणी अम्मा स्वयंपाकघरात कोसळल्या. मी धावत गेले. सुनेनं अंगावर चादर टाकली होती. मी ती उचलली.
जाऊन चार वर्षं झालेल्या माणसासारखं —
नाही लिहिता येत.

२६ नोव्हेंबर
सारना सगळं सांगितलं, गाडी तुटली की आम्हीही जाऊ हेसुद्धा. आधी हसले. मी हात पुढे केला, धरा म्हटलं. त्यांनी धरला. खूप वेळ धरून ठेवला. मग सोडला, लुंगीसारख्या मुंडूला हात पुसला आणि खिडकीकडे बघत म्हणाले, "मेलेल्याला माती मिळाली पाहिजे, बाळा. हे पाप आम्ही नकळत केलं."
मी पाया पडले. सांगितलं, मी अठ्ठावीस वर्षांची आहे.
ते रडत होते. पण मान हलवत होते. नाही, नाही.

२७ नोव्हेंबर
चेट्टन एलियाम्माला घेऊन व्हॅन पळवत होते. घाटात अडवलं त्यांना. किल्ली सारकडे.
आईला फोन केला. काहीच सांगितलं नाही. फणसाच्या चिप्स पाठव म्हटलं.

२८ नोव्हेंबर, सकाळ
भंगाराचा ट्रक दोन दिवस आधीच आला. सारनीच बोलावला. चर्चचे फादरही आलेत, पवित्र पाणी घेऊन.
या गाडीतून गेलेले आम्ही बावीस जण अंगणात. कुणी आरडाओरडा करत नाही. चेट्टननी एलियाम्माचा हात धरलाय. मी पायरीवर बसून लिहितेय.
दार कापलं — औसेप खाली बसला. उठत नाही.
मागची सीट काढली. दोघं —
बोटं थंड. पेन नीट धरता —
सार माझ्याकडे बघत नाहीत. कटरवाला विचारतोय, इंजिन आता काढू का. सार, त्याला थोडं थांबायला सांगा, आईचा फोन वाज